चाकाची खुर्ची आणि वारा

रघुपतीरावांना जागा हवी होती ती फक्त दीड खुर्चीची. एक खुर्ची बसणाऱ्याची, आणि अर्धी जागा ती खुर्ची ढकलणाऱ्याची. एवढ्यासाठी आधी रामभजन मंडळीच्या अध्यक्षांकडे, मग वॉर्ड ऑफिसात, मग थेट शिवाजीनगरला जावं लागेल आणि वर चारचौघांत हसूही होईल, हे कुणी आधी सांगितलं असतं तर ते घरीच बसले असते. पण सांगणारं कुणी नव्हतं. म्हणजे सांगणारे पुष्कळ होते, ते दुसरंच काही सांगत होते.

गोष्ट अठ्ठावन्न सालच्या रामनवमीची. बंगळूरच्या बसवनगुडीत रामभजन मंडळीचा हॉल होता. रामनवमी आली की तिथे महिनाभर रोज संध्याकाळी गाणं असायचं. हॉलला पुढून पायऱ्या होत्या, चांगल्या उंच. ज्यानं बांधला त्याला बहुतेक वाटलं असावं की संगीताकडे माणसानं थोडं दमूनच यावं. पण हॉलच्या डाव्या अंगाला, होंगे म्हणजे करंजाच्या झाडाखाली, रस्त्याला लागून एक सपाट तुकडा होता आणि तिथेच हॉलची मोठी खिडकी होती. त्या खिडकीतून गवयाचा डावा कान आणि व्हायोलिनवाला सबंध दिसायचा. ऐकू मात्र सगळं यायचं.

रघुपतीरावांच्या बायकोला, सत्यवतीबाईंना, तेवढं पुरे होतं. संधिवातानं त्यांचे पाय धरले होते ते सुटले नव्हते. रघुपतीरावांनी कँटोन्मेंटमधल्या एका लिलावातून चाकाची खुर्ची आणली होती. मायदेशी परतलेल्या कुणा कर्नलची ती होती म्हणे. वेताची पाठ, सागवानी हात, मागे दोन मोठी चाकं, पुढे एक लहान, कुरकुरणारं. खुर्ची एवढी जड की घरात तिला सगळे 'कर्नल'च म्हणत. 'कर्नलला उन्हातून आत घ्या', 'कर्नलला तेल द्यायला झालं', असं चालायचं.

आदल्या वर्षी मंडळीच्या चार स्वयंसेवकांनी कर्नलसकट सत्यवतीबाईंना उचलून पायऱ्या चढवल्या होत्या. अर्ध्यावर समोरून अध्यक्ष हणमंतराव आले. एका स्वयंसेवकानं नमस्कारासाठी हात सोडला. कर्नल कलला, बाई कलल्या, सबंध हॉलनं माना वळवल्या, आणि आत गवई आलापात होता तो सुद्धा थांबून बघायला लागला. घरी आल्यावर सत्यवतीबाईंनी शांतपणे सांगितलं, "अहो, पुन्हा मला पालखीत घालू नका. एकदाच घालायचं तेव्हा घाला."

तेव्हा उरली ती खिडकीखालची जागा. आणि त्या जागेवर रोज संध्याकाळी हणमंतरावांची काळी मोटार उभी असायची, कारण होंगेच्या झाडाची सावली बसवनगुडीत प्रसिद्ध होती. मोटार नसली तर सायकली असायच्या, एकीत एक अडकलेल्या.

रघुपतीराव हणमंतरावांना भेटले. हणमंतराव फार सज्जन मनुष्य. कुठल्याही गोष्टीला ते दोनदा 'अवश्य' म्हणत. पहिलं ऐकल्याबद्दल आणि दुसरं विसरल्याबद्दल.

"अवश्य, अवश्य," ते म्हणाले. "अक्कांसाठी जागा नाही ठेवायची तर कुणासाठी? ड्रायव्हरला सांगतो."

दुसऱ्या दिवशी मोटार तिथेच होती. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, अक्का आल्या की मोटार काढायची. रघुपतीराव म्हणाले, मग काढ. ड्रायव्हर म्हणाला, किल्ली साहेबांकडे आहे आणि साहेब पहिल्या रांगेत आहेत. आतून मृदंगाचा आवाज येत होता. मृदंग चालू असताना अध्यक्षाला पहिल्या रांगेतून उठवेल असा माणूस त्या हॉलमध्ये जन्मायचा होता. रघुपतीरावांनी कर्नल वळवला. वाटेत सत्यवतीबाई म्हणाल्या, "तनियावर्तन अर्धं ऐकलं ना. उरलेलं घरी मांडीवर वाजवू." मृदंगवाल्याला एकट्याला वाजवायला मिळतं तो भाग त्यांच्या फार आवडीचा. घरी येऊन त्यांनी खरंच बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला. बोटंही पुरती वळत नव्हती. रघुपतीराव स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी लावत बसले.

मग त्यांनी ठरवलं की आता रीतसरच करायचं. 'रीतसर' हा शब्द शेजारच्या प्राणेशरावांचा. प्राणेशराव हायकोर्टात नकला करून रिटायर झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल लिहून काढल्यामुळे आपणच ते दिले असं त्यांना वाटू लागलं होतं.

"कायद्यानं बघितलं तर," प्राणेशराव म्हणाले, "जागा दोन प्रकारची असते. एक मालकीची, एक वहिवाटीची. मोटारीची वहिवाट झालेली आहे. तुम्ही आता मोटारीच्या आधी जाऊन वहिवाट पाडा."

"म्हणजे काय करू?"

"सकाळपासून जाऊन उभे राहा."

"आणि ऑफिस?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी कायदा सांगितला."

प्राणेशरावांच्या बायकोनं, कृष्णाबाईंनी, आंजनेयाला तुपाचा दिवा लावायला सांगितलं. तो रघुपतीरावांनी लावला. त्यातला कोणता उपाय लागू पडला ते पुढे कळेलच. बहुतेक कुठलाच नाही.

मंडळीच्या कमिटीपुढे अर्ज गेला. कमिटीत पाऊण तास चर्चा झाली. एक सभासद म्हणाला, आज पांगळ्यांना जागा दिली तर उद्या आंधळे मागतील. दुसरा म्हणाला, आंधळ्यांना खिडकीचं काय करायचंय? पहिला म्हणाला, तसं मग गाणं ऐकायला डोळस माणसालाही खिडकीचं काय करायचंय? यावर वाद वाढला. तिसरा एक कोपऱ्यात बसलेला सभासद म्हणाला, "चाकाच्या खुर्चीला जागा दिलीत की उद्या कुणी आरामखुर्ची घेऊन येईल, बघा." सगळे हसले. या माणसाला पुढे द्रष्टा म्हणायला हरकत नव्हती, पण त्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी ठराव झाला की जागा द्यावी, पण तुकडा अर्धा मंडळीचा आणि अर्धा कार्पोरेशनचा असल्यानं आधी वॉर्ड ऑफिसची परवानगी आणावी.

वॉर्ड ऑफिसातला कारकून तरुण आणि अभ्यासू होता. त्यानं अर्ज वाचून पेन्सिल कानावर ठेवली.

"सार, हे वाहन आहे की फर्निचर?"

"खुर्ची आहे. चाकाची."

"तेच विचारतो. फर्निचर असेल तर रस्त्यावर ठेवता येत नाही, अतिक्रमण होतं. वाहन असेल तर ठेवता येतं, पण लायसन लागतं. बिल्ला लागतो."

"मग वाहन धरा."

"कुठलं धरू? सायकल म्हणावी तर पेडल नाही. जटका म्हणावा तर घोडा कुठे आहे?"

रघुपतीराव म्हणाले, "मी ढकलतो."

कारकुनाचा चेहरा उजळला. "माणूस ढकलतो? हे आधी सांगायचं, सार. तळ्ळुगाडी. हातगाडी."

अशा रीतीनं एका इंग्रज कर्नलची खुर्ची कार्पोरेशनच्या दप्तरी हातगाडी झाली. पितळेचा बिल्ला मिळाला, तो खुर्चीच्या मागच्या दांडीला तारेनं बांधावा लागला. चाक फिरलं की तो वाजे. रघुपतीरावांना बायकोला हे सांगायचा धीर होईना. त्या दिवशी त्यांनी जेवताना आडून आडून सांगितलं. सत्यवतीबाई म्हणाल्या, "सरी, बरं. मग मी विकायचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. रस्त्यावरून पालेभाजीवाली ओरडत गेली, "सोप्पु, सोप्पु." तिच्या मागोमाग तसाच हेल काढून सत्यवतीबाई ओरडल्या, "सोप्पु, सोप्पु." कृष्णाबाई खरंच टोपली घेऊन बाहेर आल्या आणि कोथिंबीर आहे का विचारू लागल्या. बाई इतक्या हसल्या की कर्नलचा बिल्ला किणकिणू लागला. रघुपतीरावांचा अपमान तिथेच निम्मा उतरला.

परवानगी मिळाली. कमिटी म्हणाली, बोर्ड तुम्हीच लावून घ्या, आणि तो कन्नडमध्येच हवा.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रघुपतीरावांचं घराणं शहाजीराजांबरोबर बंगळूरला आलेलं. दहा पिढ्या घरात मराठी, रस्त्यावर कन्नड. रघुपतीराव भाजीवाल्याशी, जटकेवाल्याशी, देवळातल्या भटजींशी फडाफडा कन्नड बोलत. पण शाळा झाली इंग्रजीत आणि घरच्या पोथ्या मराठीत, त्यामुळे कन्नड लिहिणं म्हणजे दुकानांच्या पाट्या आणि बसचे नंबर वाचून जेवढं आलं तेवढंच. हे ते कुणाला कबूल करत नसत. दहा पिढ्या राहून लिहिता येत नाही म्हणणं बरं दिसत नाही.

चाकाच्या खुर्चीला कन्नडमध्ये 'गालि कुर्ची' म्हणतात. गालि म्हणजे चाक. 'गालि कुर्चिगे मीसलु', म्हणजे चाकाच्या खुर्चीसाठी राखीव, एवढाच मजकूर त्यांनी कागदावर जमवला आणि शिवाजीनगरच्या बाशा पेंटरकडे गेले. बाशा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला सगळ्या लिपींतली अक्षरं काढता येत आणि एकही वाचता येत नसे, म्हणून त्याचं काम स्वच्छ असायचं.

"मजकूर बोलके दिखाव सामी," बाशा म्हणाला.

"गालि कुर्चिगे मीसलु."

बाशानं ब्रश खाली ठेवला. "क्या सामी. रामजी के घर के सामने बोर्डपो गाली लिखाते? लोगां मारते मेरेकू."

रघुपतीराव चपापले. गाली म्हणजे शिवी, हे हिंदुस्थानी त्यांनाही येत होतं. शिवी नव्हे, चाक, असं त्यांनी समजावलं. बाशा मान हलवत राहिला. रघुपतीरावांनाही वाटू लागलं की बसवनगुडीत निम्मे लोक शिवाजीनगरात खरेदीला जातात, त्यांनी उलटं वाचलं तर? मग त्यांनी आपल्या मराठीचा आधार घेतला. पोळी, नळी, होळी, गोळी: आपल्याकडे चांगल्या शब्दांत ळच असतो. ल काहीसा परका. शिवाय त्या घोळात त्यांचं बोलायचं कन्नडही पळालं होतं, आणि कुणी म्हाताऱ्या माणसानं 'गाळि' म्हटलेलं कानावर आलंच होतं कधीतरी. त्यांनी कागदावरचा ल खोडला आणि ळ केला.

"गाळि," ते म्हणाले. "ये ठीक है."

"ये बराबर," बाशा म्हणाला, आणि पांढऱ्यावर निळी सुंदर अक्षरं काढली.

म्हाताऱ्या माणसानं 'गाळि' म्हटलं होतं हे खरंच होतं. गाळि म्हणजे वारा.

बोर्ड लागला तो दिवस रघुपतीरावांच्या आयुष्यातला मोठा दिवस होता. लग्नातलं उपरणं त्यांनी खांद्यावर घेतलं. सत्यवतीबाईंनी जांभळी साडी नेसली. कर्नलला तेल पाजलं होतं. बिल्ला वाजवत दोघे रस्त्याच्या वळणावर आले आणि रघुपतीरावांना सगळ्यात आधी दिसलं की मोटार नाही. हणमंतरावांची काळी मोटार हलली होती. कायदा जिंकला होता. मग त्यांना दिसलं की तिथे माणसं बसली आहेत.

होंगेच्या झाडाखाली सहा-सात म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते. एकाची घडीची, दोघांच्या वेताच्या, एकजण तर घरची आरामखुर्ची घेऊन आला होता आणि तिच्यात पाय लांब करून पडला होता. सगळे पेन्शनर. मधोमध आप्पाजी, बेळगावकडून पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले, हातात विणलेला पंखा.

"अहो, इथे काय करताय तुम्ही?" रघुपतीराव म्हणाले.

"वारा खातोय की," आप्पाजी म्हणाले. "बोर्ड बघितला नाही? वाऱ्याच्या खुर्च्यांसाठी राखीव. इतकी वर्षं मंडळीनं म्हाताऱ्यांचा विचार केला नव्हता. आता कुणाला तरी देवानं बुद्धी दिली."

रघुपतीरावांनी बोर्डाकडे पाहिलं. निळी अक्षरं फार सुंदर होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आप्पाजींचं लक्ष कर्नलकडे गेलं आणि ते खुर्चीवरून पुढे वाकले.

"अक्का, ही बरी आयडिया केलीत. चाकाची. आम्ही घरून उचलून आणतो, कमरेचे काटे ढिले होतात. कुठे मिळाली?"

"लिलावात," सत्यवतीबाई म्हणाल्या. "पण ती हातगाडी आहे. लायसन काढावं लागतं."

म्हातारे हसले. दोघांनी खुर्च्या सरकवल्या आणि कर्नल मधोमध जाऊन बसला, जणू जागा त्याचीच होती. जी खरोखर त्याचीच होती. आत गाणं सुरू झालं. कुणीतरी आतून पानक आणलं, गुळाचं, वेलदोड्याचं, आणि कोसंबरीचा द्रोण. आरामखुर्चीवाल्यानं आपला द्रोण सत्यवतीबाईंच्या मांडीवर ठेवला, कारण त्याला काकडी चाववत नव्हती.

रघुपतीराव मागे दांडी धरून उभे राहिले. त्यांनी गाणं ऐकलं नाही. ते मनात हणमंतरावांना पत्र लिहीत होते.

"उद्या हे सगळे हलतात की नाही बघ," घरी येताना ते म्हणाले. "बोर्ड बदलतो. कमिटीला सांगून वॉचमन ठेवायला लावतो. आपण परवानगी काढलीय. ही काय धर्मशाळा आहे?"

सत्यवतीबाईंनी त्यांना बोलू दिलं. घराच्या ओट्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "स्वल्प थांबा." मग म्हणाल्या, "या खुर्चीत बसल्यापासून मी माणसांच्या हनुवट्याच बघत आले. जो येतो तो उभा. वाकून बोलतो आणि जातो. आज माणसांची तोंडं दिसली. त्या आप्पाजींच्या भुवया पांढऱ्या आहेत, लक्षात आलं होतं तुमच्या?"

"नाही."

"मग. राहू दे तो ळ."

रघुपतीरावांनी तरीही हणमंतरावांना पत्र टाकलं. म्हणजे मनातलं पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसात कागदावर उतरवून पाठवलं, आणि मग बायकोचं 'राहू दे' आठवलं तेव्हा मागे घ्यायची लाज वाटली म्हणून तसंच राहू दिलं. हणमंतरावांनी ते वाचून 'अवश्य' म्हटलं असावं. पुढे काही झालं नाही. झालं नाही ते बरंच झालं.

मग उत्सव संपेपर्यंत रोज ते दोघे जात. चौथ्या-पाचव्या दिवशी सत्यवतीबाई म्हणाल्या, "तुम्ही का शिपायासारखे मागे उभे? एक खुर्ची आणा." रघुपतीराव म्हणाले, मी बोर्ड लावणारा, मी वारा खायला बसू? पण शेवटच्या दिवसांत त्यांनी घडीची खुर्ची काखेत मारून नेली आणि बायकोशेजारी टाकली. त्या दिवशी मृदंगाचं तनियावर्तन सबंध ऐकलं. सत्यवतीबाईंची बोटं कर्नलच्या हातावर चालली होती आणि पलीकडे आप्पाजी आपल्या गुडघ्यावर चुकीचा ताल धरत होते. वारा खरंच चांगला होता.

पौषात सत्यवतीबाई गेल्या. थंडी होती, छातीत कफ झाला आणि तो उतरला नाही. त्यांना उचलून नेलं तेव्हा कुणाचा हात सुटला नाही. रघुपतीरावांनी तेवढं पाहिलं.

कर्नल घरातल्या बैठकीच्या कोपऱ्यात उभा राहिला. लोक भेटायला येत तेव्हा जागा नसली तरी त्यात कुणी बसत नसे. रघुपतीराव सकाळी त्याच्या चाकांना तेल देत. कृष्णाबाई एकदा म्हणाल्या, अण्णा, कुणा गरजूला देऊन टाका. रघुपतीराव म्हणाले, हातगाडी आहे, लायसनवर माझं नाव आहे, असं देता येत नाही. प्राणेशराव म्हणाले, कायद्यानं बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कायद्याचा उपयोग झाला.

फाल्गुन संपता संपता हणमंतराव स्वतः घरी आले. बराच वेळ बसले. जाताना रघुपतीरावांचा हात धरून म्हणाले, "तुमचं गेल्या वर्षीचं पत्र मला सापडलं. मन फार खात राहिलं हो. अक्का असताना झालं नाही. पण आता सगळं केलंय. तुम्ही लिहिलं होतं तसंच."

आणि खरंच केलं होतं. रामनवमीच्या पहिल्या संध्याकाळी रघुपतीराव, पाय आपोआप तिकडे वळले म्हणून, होंगेच्या झाडापाशी आले. बोर्ड नवा होता. त्यावर ळ नव्हता. शुद्ध ल होता. जमिनीवर चुन्यानं चौकोन आखला होता. चौकोनाच्या तोंडाशी खाकी कपड्यातला वॉचमन काठी घेऊन उभा होता. मोटार नव्हती, सायकल नव्हती, म्हातारे नव्हते. आप्पाजी आणि मंडळी रस्त्यापलीकडे भिंतीला टेकून उभी होती, रागावलेली. चौकोन अगदी रिकामा होता. वाऱ्यानं होंगेची फुलं त्यात पडत होती आणि वॉचमन ती सुद्धा काठीनं बाहेर ढकलत होता.

रघुपतीरावांनी मागितलं होतं ते हेच होतं. शब्दाशब्दाला हेच.

ते चौकोनात पाय टाकणार तोच वॉचमननं काठी आडवी घातली. "कुर्ची इल्ल, जागा इल्ल," तो म्हणाला. खुर्ची नाही तर जागा नाही.

"ही जागा मी—" रघुपतीराव म्हणाले, आणि थांबले. वॉचमनचं अगदी बरोबर होतं.

ते वळले तेवढ्यात रस्त्यावरून एक विचित्र गाडी येताना दिसली. ऑफिसातली लाकडी खुर्ची, तिला सायकलची दोन चाकं, पुढे कुठल्यातरी पाळण्याचं चाक. ढकलणारा तिशीतला माणूस, घामानं भिजलेला, आणि खुर्चीत पंचविशीची एक बाई, पायांवर शाल. माणूस निपाणीकडचा, नागनाथ, कारखान्यात फिटर. बाई त्याची बहीण अलका. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेले होते. कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं की बसवनगुडीत चाकाच्या खुर्चीसाठी जागा ठेवलीय, बोर्ड लावलाय, म्हणून ते बस सोडून एवढं लांब ढकलत आले होते.

वॉचमननं त्यांची खुर्ची वाकून, फिरून पाहिली. ही ऑफिसची खुर्ची आहे, तो म्हणाला, हिला नुसती चाकं लावलीत.

"मग चाकाच्या खुर्चीला आणखी काय लावतात?" अलका म्हणाली. "पंख?"

रघुपतीराव मध्ये पडले. हे चाक, गालि; ही खुर्ची, कुर्ची; वाच बोर्ड, असं त्यांनी ल वर जोर देऊन वॉचमनला सांगितलं. ल आणि ळ या विषयात त्या भागात त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता. वॉचमन बाजूला झाला. अलकाची खुर्ची चौकोनात मधोमध उभी राहिली. भाऊ पाणी प्यायला गेला.

गाणं सुरू झालं. लोक हॉलकडे जाताना चौकोनाला वळसा घालून जात. कुणी वाकून बघे आणि जाई. अलकानं मान वर करून आजूबाजूला पाहिलं.

"जागा बरी आहे," ती रघुपतीरावांना म्हणाली. "पण पोलीस चौकीत बसवल्यासारखं वाटतं."

रघुपतीराव वळले. ते घरी निघाले. या वयात जेवढं भरभर चालता येतं तेवढं चालले. थोड्या वेळानं बसवनगुडीतल्या लोकांनी पाहिलं की रघुपतीराव रिकामा कर्नल ढकलत रस्त्यानं येतायत. बिल्ला वाजत होता. ओळखीच्या लोकांनी माना फिरवल्या. एकानं टोपी काढली. रघुपतीराव कुणाकडे बघत नव्हते. चौकोनापाशी आल्यावर वॉचमननं विचारलं, खुर्ची आहे, पण बसणारं माणूस कुठे आहे?

रघुपतीराव वळले आणि कर्नलमध्ये बसले.

वॉचमननं काठी वर केली. बोर्डावर खुर्चीबद्दल लिहिलं होतं, पायांबद्दल काहीच नव्हतं. त्यानं काठी खाली घेतली.

त्या खुर्चीत रघुपतीराव कधी बसले नव्हते. वेताची पाठ एका बाजूला थोडी दबलेली होती, त्यांच्या मापाची नव्हती. हाताच्या लाकडावर, बोटं पडायची तिथे, पॉलिश गेलं होतं. त्यांनी तिथे बोटं ठेवली. मग वर पाहिलं. हणमंतराव घाईघाईनं पायऱ्या उतरून आले होते आणि वाकून उभे होते. त्यांच्या हनुवटीखाली दाढी करताना राहिलेले पांढरे केस दिसत होते.

"रघुपतीराव, काय झालं? पाय? डॉक्टरला बोलावू?"

"काही नाही झालं," रघुपतीराव म्हणाले. "तुम्ही स्वल्प खाली बसा. तुमचं तोंड दिसत नाही."

हणमंतरावांनी इकडे तिकडे पाहिलं. बसायला काही नव्हतं. रस्त्यापलीकडून आप्पाजींनी हे सगळं पाहिलं आणि बाजूच्या घरातून आपली वेताची खुर्ची उचलून आणली. वॉचमन पुढे झाला. आप्पाजींनी चुन्याची रेघ बघितली, खुर्ची रेघेच्या बोटभर बाहेर ठेवली आणि हणमंतरावांना बसवलं. मग आपल्यासाठी दुसरी आणायला गेले. त्यांच्यामागून आरामखुर्ची आली. चौकोनात दोन चाकाच्या खुर्च्या, आणि रेघेबाहेर चहूबाजूंनी बिनचाकाच्या. आत मृदंग सुरू झाला तरी अध्यक्ष पहिल्या रांगेत परत गेले नाहीत.

"ही खुर्ची तुमची?" अलकानं विचारलं. तिला आता मान वर करावी लागत नव्हती.

"बायकोची."

"त्या नाही आल्या?"

"नाही," रघुपतीराव म्हणाले. "तिनंच ही जागा धरली होती."

अलकानं मान डोलावली. होंगेची फुलं वाऱ्यानं तिच्या शालीवर पडत होती, ती तिनं काढली नाहीत. तनियावर्तन रंगात आलं. आप्पाजी गुडघ्यावर चुकीचा ताल धरू लागले. रघुपतीरावांची बोटं लाकडावरच्या त्या झिजलेल्या जागी तशीच राहिली. ताल धरायला ती कधी शिकली नव्हती.

"इथे वारा चांगला येतो," अलका म्हणाली.

"हो," रघुपतीराव म्हणाले. "आधी तसा बोर्ड होता."